मेस्त्रे म्हणजे त्यांचं नाशिकरोड: युरोपात विमान टाळून रेल्वेने फिरायचं तर

व्हेनिसला जाताना आम्ही एक स्टेशन आधीच उतरलो. पाटीवर ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ असं ठळक लिहिलेलं, आजूबाजूचे लोक बॅगा काढायला लागलेले, नवरा म्हणाला, “आलं, चल.” उतरलो. बाहेर येऊन बघतो तर ना पाणी, ना होड्या, नुसती हॉटेलं आणि बसथांबे. खरं व्हेनिस पुढच्या स्टेशनावर, सांता लुचियाला. तिथे गाडी खाडीवरच्या लांब पुलावरून जाते आणि थेट कालव्याच्या काठाशी सोडते. आयुष्यभर नाशिकरोडला राहिलेल्या माणसांनी ही चूक करावी! ‘अहो, नाशिकचं स्टेशन म्हणजे नाशिकरोड, गाव अजून आठ-नऊ किलोमीटर पुढे’ हे परगावच्या पाहुण्यांना समजावण्यात आमचा जन्म गेला. मेस्त्रे म्हणजे त्यांचं नाशिकरोड. मागून आलेल्या लोकलने दहा-बारा मिनिटांत पुढे गेलो, पण नवरा दिवसभर गप्प होता.

मी २३ वर्षं पंचवटी एक्स्प्रेसची पासधारक. सकाळी सातची गाडी, फोर्टातलं ऑफिस, रात्री दहाला घरी. निवृत्त झाल्यावर वाटलं, गाडीशी नातं संपलं. मग मे २०२५मध्ये लेकीकडे व्हिएन्नाला गेलो आणि तिथून रेल्वेनेच एक मोठं वर्तुळ मारून आलो: व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान, झुरिच, हॅम्बुर्ग, बर्लिन, प्राग आणि परत व्हिएन्ना. सात टप्पे, एकही विमान नाही. (मुंबई ते व्हिएन्ना मात्र विमानच. त्याला इलाज नाही, आणि असल्यासारखं दाखवणारही नाही.) भिशीत प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, ‘कसं केलंत गं?’ म्हणून एकदाच लिहून ठेवते.

विमान का नको? आदल्या खेपेला एका स्वस्त विमान कंपनीची तिकिटं काढली होती. बॅगेचे पैसे तिकिटापेक्षा जास्त झाले आणि उतरलो तो विमानतळ शहरापासून तासाहून लांब. हवेत दोन तास, एकूण गेले नऊ. स्वीडनमध्ये विमानाने फिरण्याची लाज वाटण्याला ‘फ्लीगस्काम’ असा शब्दच आहे. फ्रान्सने तर २०२३पासून जिथे रेल्वे अडीच तासांच्या आत पोचवते असे काही देशांतर्गत विमानमार्ग बंद केले, पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून ल्योंला जाणारा त्यातलाच. मला लाजबीज वाटत नाही. मला खिडकी हवी असते. पण रेल्वेने कार्बन कितीतरी कमी जातो हे खरंच आहे, आणि नातीसमोर तेवढं बोलायला बरं पडतं.

आधी अंतर बघा

सगळीकडे रेल्वेचा हट्ट धरू नका. माझा ठोकताळा असा: गाडीला पाच तासांपर्यंत लागत असतील तर डोळे मिटून गाडी. व्हिएन्ना–प्राग चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीनच्या आत, पॅरिस–झुरिच चारच्या आसपास, मिलान–झुरिच सव्वातीन. विमानतळावर जाणं, तपासणी, सामानाची वाट हे धरलं तर इथे विमान हरतंच. नऊ ते बारा तास असतील तर रात्रीची गाडी. मधलं जे सहा ते आठ तासांचं असतं, ते वाट बघण्यासारखी असेल तरच घ्या. व्हिएन्ना–व्हेनिस तसं आहे, त्याबद्दल पुढे बोलते.

अथेन्सला मात्र विमानानेच जा. माद्रिद–लिस्बन, दोन्ही राजधान्या, शेजारी देश, तरी थेट गाडी नाही. गाड्या बदलत दिवस जातो. लंडन हे वेगळं प्रकरण. समुद्राखालचा पन्नास किलोमीटरचा बोगदा १९९४पासून आहे आणि पॅरिसहून सव्वादोन-अडीच तासांत पोचता येतं. पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि गाडीत बसण्याआधी विमानासारखी पासपोर्टची रांग. आम्ही लंडन वगळलं.

व्हिसा आणि तिकीट यांची भांडणं

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे मागायचा; रात्री सारख्या असतील तर जिथून शिरणार त्याच्याकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कागदपत्रांसाठी मुंबईला गेलो तेव्हा पंचवटीनेच गेलो. जुने पासवाले डब्यात भेटले आणि मला बसायला जागाही मिळाली.

गोची अशी की स्वस्त रेल्वे तिकिटं लवकर काढावी लागतात आणि ती परत होत नाहीत. व्हिसा मात्र उशिरा हातात पडतो. आम्ही काय केलं? रात्रीच्या गाडीच्या जागा मर्यादित असतात, म्हणून तेवढं एक तिकीट थोडे जास्त पैसे भरून, रद्द करता येईल असं आधी काढलं. बाकीची व्हिसा आल्यावर. काही स्वस्त दर हुकले, पण झोप लागली.

तिकीट काढताना बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं आणि तोवर तो दर गेला. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते पहिल्या नावाच्या रकान्यात गेलं की आडनावाच्या, यावर आमच्या घरात एक संध्याकाळ गेली. शेवटी पासपोर्टात जे ज्या रकान्यात होतं, ते तसंच उतरवलं.

गावांची नावं तिथल्या भाषेत शोधायची सवय करा. व्हिएन्नाचं वीन, प्रागचं प्राहा, फ्लोरेन्सचं फिरेंझे, म्युनिकचं म्युन्शन. जर्मन नावापुढे ‘एचबीएफ’ दिसलं की ते मुख्य स्टेशन. वेळापत्रक बघायला मी जर्मन रेल्वेचं ‘डीबी नॅव्हिगेटर’ ॲप वापरते. त्यात शेजारच्या देशांच्या गाड्याही दिसतात. तिकीट मात्र शक्यतो ज्या देशाची गाडी, त्यांच्याच संकेतस्थळावर काढा.

आणि जुन्या माहितीवर विसंबू नका. दर डिसेंबरच्या मध्याला युरोपभर वेळापत्रक बदलतं. पॅरिस–व्हिएन्ना रात्रीची गाडी डिसेंबर २०२१मध्ये मोठ्या कौतुकाने सुरू झाली आणि डिसेंबर २०२५मध्ये बंदही पडली. पॅरिस–मिलान मार्ग ऑगस्ट २०२३मध्ये दरड कोसळून बंद झाला तो मार्च २०२५च्या अखेरीस उघडला. आम्ही पावणेदोन-दोन तासांत पार केलेला हॅम्बुर्ग–बर्लिन मार्ग नंतर ऑगस्टमध्ये दुरुस्तीसाठी कितीतरी महिन्यांकरता बंद झाला. मावसबहिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं ते ऐका, पण तारीख टाकून स्वतः तपासा.

तिकीट म्हणजे जागा नव्हे

हे एकच वाक्य फ्रिजवर लावा. आपल्याकडे ‘तिकीट कन्फर्म झालं’ म्हणजे बर्थ नंबर मिळाला. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांत तिकीट म्हणजे फक्त चढायची परवानगी. बसायची हमी हवी असेल तर आरक्षण वेगळं, साधारण पाच युरोंच्या आसपास. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, तत्काळ नाही. आरक्षण न करता चढलात तर जागेवरची छोटी पाटी किंवा वरचा पडदा वाचायचा: कुठून कुठपर्यंत राखीव ते लिहिलेलं असतं. राखीव नसेल तिथे बिनधास्त बसा. ‘सरका जरा, चौथी सीट’ हा प्रकार मात्र तिथे नाही. मी एकदा सवयीने सरकले, तर समोरची मुलगी घाबरून उठून उभी राहिली.

फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेचारोस्सा, स्पेनच्या वेगवान गाड्या यांचं गणित उलटं. तिथे आरक्षणाशिवाय चढताच येत नाही. झुरिच–मिलानसारख्या सीमा ओलांडणाऱ्या गाडीलाही आम्हाला आरक्षण लागलं.

दर विमानासारखेच वरखाली होतात. जितकं आधी तितकं स्वस्त, पण स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. तुमच्या चुकीने ती गाडी चुकली तर तिकीट गेलं. गाडीच्याच उशिराने पुढची गाडी चुकली तर तसं नाही, पुढच्या गाडीने जायचा हक्क असतो. त्यासाठी सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर हवा. दोन तुकडे वेगवेगळे काढले असतील तर दुसऱ्याची जबाबदारी घ्यायला कुणी बांधील नसतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि १२० मिनिटांना निम्मा परत मागता येतो, काही अपवाद सोडून.

‘जर्मन गाड्या म्हणजे घड्याळ’ हा समज मनातून काढा. २०२४मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. ॲप सात मिनिटांत गाडी बदला म्हणेल. ऐकू नका. पासष्टीतल्या गुडघ्यांनी निदान पाऊण तास ठेवावा. स्टेशनावर कॉफी प्यायला वेळ मिळतो.

पासचं विचारतात सगळे. आपल्याला ‘युरेल’ मिळतो. ‘इंटररेल’ तिथे राहणाऱ्यांसाठी, म्हणजे लेकीला ते, आपल्याला हे. ३३ देशांत चालतो, फोनवरच असतो. महिन्यात चार, पाच किंवा सात दिवस प्रवास, किंवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा, असे प्रकार आहेत. साठीपुढच्यांना दहा टक्के सवलत, २७पर्यंतच्या पोरांना त्याहून बरीच जास्त. बारा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. पण पास म्हणजे तिकीट, जागा नव्हे! आरक्षणाचे आणि रात्रीच्या बर्थचे पैसे वरून. तारखा आधी पक्क्या असतील तर सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. आज आवडलं तर राहू, उद्या ठरवू अशी प्रवृत्ती असेल तर पास घ्या. नवऱ्याला जेवणाची वेळसुद्धा आदल्या दिवशी ठरलेली लागते, त्यामुळे आमचा प्रश्न सुटला.

दोन घाट

व्हिएन्नाहून निघालं की तासाभरात गाडी झेमरिंगच्या डोंगराला भिडते. हा युरोपातल्या अवघड डोंगरांतला पहिला मोठा रेल्वेमार्ग, १८५४चा. ४१ किलोमीटरमध्ये चौदा-पंधरा बोगदे आणि १६ मोठे पूल. १९९८पासून जागतिक वारसा. दुमजली दगडी कमानींवरून गाडी वळत वळत चढते आणि खिडकीतून आपलाच पुढचा डबा दिसतो. मला वाटलं कसारा सोडला आणि इगतपुरी यायचीय. उगाच नाही वाटलं. झेमरिंगचा चढ ४० फुटांना एक फूट, आपल्या थळ घाटाचा ३७ला एक. आपला घाट १८६५चा, म्हणजे अकराच वर्षांनी धाकटा, आणि चढ जास्त तीव्र. कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, ते उगाच का. त्यांनी घाटाला वारसा केलं. आपण तिथे वडापावची वाट बघत बसतो. दोन्हीला माझा विरोध नाही.

व्हेनिसपर्यंत आम्हाला साडेसात तासांच्या वर लागले. डिसेंबर २०२५मध्ये पुढे कोरआल्म हा ३३ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला, त्यामुळे व्हिएन्ना ते याच वाटेवरचं क्लागेनफुर्ट हा प्रवास पाऊण तासाने कमी झालाय. झेमरिंग मात्र अजून वरूनच आहे. त्याच्याखालचाही बोगदा खणतायत, तोवर जाऊन या.

आल्प्समध्ये हेच नीट ठरवावं लागतं. मिलान–झुरिचची जलद गाडी गोथार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, २०१६ला उघडलेला. अभिमानाची गोष्ट, पण आत बसलेल्याला वीस मिनिटं काळोख. वेळ असेल तर वरच्या जुन्या मार्गाची ‘त्रेनो गोत्तार्दो’ घ्या. ती वासेन गावाजवळ अशा गिरक्या घेत चढते की तेच एक चर्च तीनदा, तीन उंचीवरून दिसतं. आम्ही जलद गाडीने गेलो, मला अजून हळहळ आहे.

बर्लिन–प्रागला गाडीच्या दिशेने डाव्या खिडकीची जागा घ्या. ड्रेस्डेन सोडलं की एल्ब नदी त्याच बाजूला लागते आणि पलीकडे वाळूखडकाचे सुळके. ज्या गाडीला चेक डायनिंग कार असेल तिथे जेवण बंद डब्यांत भरून आणलेलं नसतं, ताटलीत गरम वाढतात.

रात्रीची गाडी

जर्मन रेल्वेने २०१६ला आपल्या रात्रीच्या शयनगाड्या बंद केल्या आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातल्या बऱ्याच मार्गांवर ‘नाइटजेट’ चालवायला घेतली. झुरिच–हॅम्बुर्ग आम्ही तिनेच गेलो. तीन प्रकार: नुसती बसायची जागा (घेऊ नका, साठीनंतर तर नाहीच), कुशेट म्हणजे चार किंवा सहा बर्थची खोली, आणि स्लीपर म्हणजे एक-दोन-तीन जणांची खोली, बेसिनसह. नाव सारखं असलं तरी हे आपलं ‘स्लीपर’ नव्हे. आपल्या थ्री-टियरच्या जवळ जातो तो कुशेट. आम्ही चौघांचा कुशेट घेतला. बरोबर एक डॅनिश जोडपं, दहाच्या ठोक्याला दिवे बंद. चादर-उशी-ब्लँकेट मिळतं, अंथरायचं आपण. सकाळी पाव-लोणी-जॅम आणि चहा-कॉफी तिकिटातच. एकट्या बायकांसाठी महिलांचा वेगळा कुशेटही मागता येतो. बुकिंग करतानाच खालचा बर्थ निवडा. वरच्याची शिडी उभी आणि अरुंद असते, तिथे ‘काका, जरा बदलता का’ चालत नाही.

दाराला आतून खटका असतो, तो लावा. नवऱ्याने नाशिकहून बॅगेची साखळी-कुलूप आणलं होतं. डॅनिश बाईंनी विचारलं, “सायकल कुठेय?”

चढताना डब्यावरची पाटी वाचा, गाडीची नव्हे. रात्रीच्या गाड्यांचे डबे वाटेत तुटून वेगवेगळ्या गावांना जातात. एका गाडीत बसून झोपलात आणि डबा चुकीचा असला तर सकाळी भलताच देश.

फलाट, सामान, डबा

बोर्डावर गाडीचं शेवटचं गाव लिहिलेलं असतं, तुमचं नव्हे. म्हणून गाडीचा नंबर लिहून ठेवा. जर्मन-ऑस्ट्रियन स्टेशनांवर फलाट आधीच ठरलेला असतो आणि त्यावर ए, बी, सी असे भाग असतात. तुमचा डबा कुठल्या भागात येणार ते फलाटावरच्या तक्त्यावर असतं. पंचवटीला आम्ही बरोबर दारासमोर उभे राहायचो, ती विद्या इथे शंभर टक्के कामी आली. फ्रान्स-इटलीत फलाट शेवटच्या वीसेक मिनिटांत लागतो, तोवर सगळे मान वर करून उभे. टीजीव्हीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. धावत पकडायचा विचारही नको. इटलीत साध्या लोकलचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असून दंड.

पॅरिसला गाडी बदलायची असेल तर दोन्ही गाड्यांची स्टेशनं बघा. गार द्यु नोर्, गार द ल्यों, मोंपार्नास ही सगळी वेगळी. कुर्ला टर्मिनसला उतरून बांद्रा टर्मिनसची गाडी पकडण्यासारखं आहे.

हमाल नाही. वजनकाटाही नाही, त्यामुळे विमानासारखी २३ किलोंची भीती नाही; पण प्रत्येक किलो आपणच उचलायचा, कधी बंद पडलेल्या लिफ्टशेजारच्या जिन्यावरून. आम्ही माणशी एक चाकाची बॅग आणि एक पाठपिशवी नेली. बॅग घरी भरून दोन मजले चढून बघितली. नवऱ्याने पहिल्या मजल्यावर दोन शर्ट आणि इस्त्री काढून ठेवली.

चहावाला येणार नाही. आमच्याबरोबर चिवडा, मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढ्यांचा मोह टाळा. नळाचं पाणी पितात, बाटली भरून घ्या. जर्मन स्टेशनांवर स्वच्छतागृहाला बहुधा युरोभर मोजावा लागतो. गाडीत फुकट असतं, उतरायच्या आधी उरकून घ्या. आणि चटणीचा डबा ‘शांतता डब्यात’ उघडू नका. आवाज होत नाही, पण माना वळतात.

शेंगेनमध्ये सीमा दिसत नाही तरी पासपोर्ट बॅगेत खोल ठेवू नका. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. पोलीस डब्यात चढून विचारू शकतात.

परतीचं विमान ज्या शहरातून असेल तिथे आदल्या रात्रीच पोचा, त्याच दिवशीच्या गाडीवर भरवसा नको. प्रागहून आमची शेवटची गाडी दुपारचीच होती. लेक व्हिएन्नाच्या फलाटावर उभी होती, बरोबर आमच्या डब्याच्या दारासमोर.